दांडीवरच्या दोन रेघा

परवा रविवारची अख्खी दुपार मी दोन तिरक्या रेघांवर घालवली. समोर जुन्या स्कॉटिश फिडल सुरावटींचं स्कॅन केलेलं पान होतं. शीर्षकातला 'एस' 'एफ'सारखा का दिसतो हे लगेच कळलं; अठराव्या शतकात तसा लांब 'एस' छापायचेच. अडलो ते एका स्वराच्या दांडीवर मारलेल्या या रेघांशी.

नियम सोपा आहे. एका मात्रेच्या स्वरावर दोन रेघा, म्हणजे तोच स्वर चार समान तुकड्यांत वाजवा. पण स्कॉटिश वादकांच्या हातात 'बर्ल' नावाची लकब असते. एकाच स्वरावर गजाचे दोन झटपट फटके आणि तिसरा जरा लांब. मग छापणाऱ्याला काय हवं होतं, चार की तीन?

त्याने सांगितलं नाही, कारण गरजच नव्हती. पान विकत घेणाऱ्याने ती चाल नाचाच्या रात्री शंभरदा ऐकलेली असणार. आमच्या जुन्या कोडमध्ये एका ठिकाणी कमेंट आहे, 'नेहमीप्रमाणे'. लिहिणारा नोकरी सोडून गेला. ते 'नेहमी' कुठलं, हे आता कुणालाच ठाऊक नाही.

पर्थशायरचा प्रसिद्ध वादक नील गाऊ (१७२७–१८०७) आणि त्याची मुलं यांच्या १७९९च्या संग्रहात एक तक्रार आहे: कुठलेही दोन वादक एकच चाल सारखी वाजवत नाहीत. म्हणून हा घ्या प्रमाण पाठ. मला आधी हे पटलं होतं. इंजिनिअरच ना! पण माणसं वेगवेगळं वाजवतात हा दोष होता, की चाल जिवंत असल्याची खूण?

आणि मी तरी वेगळं काय करत होतो? मी ती चाल एबीसीत, म्हणजे साध्या अक्षरांत सूर लिहायच्या पद्धतीत, उतरवत होतो. त्यात लाटेसारखं एक चिन्ह आहे. मूळ अर्थ साधारण एवढाच की इथे काहीतरी अलंकार घ्या, कुठला ते तुमची परंपरा ठरवेल. मला ते चिन्ह फार प्रामाणिक वाटतं. 'बर्ल' लिहिलं असतं तर माझा अंदाज गाऊच्या काळातल्या माणसाच्या तोंडी घातल्यासारखं झालं असतं. चार स्वर लिहिले असते तरी तेच. तो येऊन 'असं नव्हे रे' म्हणू शकत नाही.

मी लाट टाकली, खाली दोन्ही शक्यता लिहिल्या, फाइल सेव्ह केली. मग सवयीने प्ले दाबलं. कॉम्प्युटरने लाटेकडे दुर्लक्ष करून एकच सपाट, लांब स्वर वाजवला.