झोपेतला दीड तास

रात्रीचे साडेदहा वाजतात. दारं लावून होतात, उद्याचे कपडे काढून ठेवलेले असतात. आता खरं तर निजायचं. पण दिवसभरात पहिल्यांदाच कुणी हाक मारत नसतं. मग मोबाइल हातात येतो आणि बघता बघता बारा वाजतात. एवढा स्वतःचा वेळ कुणाला नको असतो? तो कापला जातो मात्र झोपेतून, आणि त्याची झळ हृदयालाही लागू शकते.

हृदयविकार म्हटलं की आपल्याला तेल-तूप आणि कोलेस्टेरॉल आठवतं. ते खरंच, पण अर्धंच. धमनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल साचू लागलं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावतात. काम त्यांचं भलंच, नको ते गिळून टाकायचं. पण गिळता गिळता त्या चरबीने फुगतात, तिथेच अडकतात, आणि भिंतीत दाह धुमसत राहतो. हा थर फाटला की त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि झटका येतो. 2017 साली एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. आधी झटका येऊन गेलेल्या रुग्णांना कोलेस्टेरॉल कमी न करणारं, फक्त दाह शमवणारं औषध दिलं होतं. त्यांच्यात पुढचे झटके कमी झाले. जंतुसंसर्गाने दगावणारे मात्र थोडे वाढले. दाह अगदीच नको, असंही नाही.

या पांढऱ्या पेशी हाडांच्या मगजात तयार होतात, आणि किती व्हाव्यात यात झोपेचाही हात असतो. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय इथल्या संशोधकांनी निरोगी माणसांची झोप सहा आठवडे रोज दीड तासाने कमी केली. त्यांच्या रक्तात दाहाशी संबंधित पेशी वाढल्या. माणसं चौदाच होती, म्हणून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण त्याच अभ्यासात उंदरांची झोप मोडल्यावर त्यांच्या हाडांच्या मगजात बदल झाला; नंतर कित्येक आठवडे त्यांना नीट झोपू दिलं, तरी तो पुरता पुसला गेला नाही. ‘रविवारी दुपारी भरून काढू’ हा आपला हिशेब त्यामुळे जरा कच्चाच वाटतो.

घरात तान्हं बाळ असेल किंवा रात्रपाळी असेल, तर हे मनाला लावून घेऊ नका. जमेल तेव्हा निजा. बाकीच्यांनी स्वतःचा वेळ सोडायचा नाही, तो फक्त थोडा आधी मागून घ्यायचा. आज जेवणानंतरची भांडी घरातल्या दुसऱ्या कुणाकडे सोपवून पाहा. पहिल्या दिवशी कढईला खरकटं राहील. राहू दे.