सन्तमस ग्रहावरचे ढग

परवा नात एक चित्र घेऊन आली. तांबूस आभाळ, काळे दाट ढग, आणि क्षितिजावर आपल्या सूर्याहून कितीतरी मोठा सूर्य. खाली लिहिले होते : 'सन्तमस ग्रह'. "आजोबा, हे खरं की खोटं?" मला चटकन उत्तर देता आले नाही.

यातले खरे तेवढे आधी सांगतो. सिंह राशीच्या दक्षिणेला, सुमारे ३४० प्रकाशवर्षांवर, एचडी ८६०८१ हा नुसत्या डोळ्यांना न दिसणारा तारा आहे. त्याच्या प्रकाशाची छाननी करताना तो ठरावीक काळाने पुढे-मागे डोलतो असे आढळले आणि २००६ मध्ये त्याच्या ग्रहाचा शोध जाहीर झाला. वस्तुमान गुरूच्या निदान दीडपट. एक प्रदक्षिणा सुमारे ५१ तासांची. आपल्या एका दिवाळीपासून दुसरीपर्यंत तिथे १७० वर्षे उलटतात! २०१९ मध्ये, आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेच्या शताब्दीनिमित्त, या जोडीचे नामकरण भारताकडे आले. ताऱ्याला विश्वकिरणांच्या संशोधक बिभा चौधरी यांचे नाव मिळाले, ग्रहाला 'सन्तमस'. संस्कृतात याचा अर्थ सर्वत्र दाटलेला अंधार. ग्रहाचे वातावरण ढगाळ असावे, हे त्यातून सुचवायचे होते. पण ताऱ्याच्या डोलण्यावरून ढग कळत नाहीत. म्हणजे कल्पनेची सुरुवात माझ्या नातीने केलेली नाही. ती नावातच आहे.

मग हे खोटे म्हणायचे का? थोड्याशा आकड्यांवर चित्र उभारण्याचा उद्योग मीही लहानपणी केला आहे. वडील मुंबईच्या गिरणीत, आम्ही बेळगावजवळच्या खेड्यात. दरमहा मनिऑर्डर येई. कुपनावर रक्कम, तारीख आणि सही, एवढेच. आईला वाचता येत नव्हते. ती विचारी, "आणखी काय लिहिलंय रे?" मी वाचल्यासारखे करून सांगे, "प्रकृती उत्तम आहे. जेवण वेळेवर होतं." तिचा चेहरा उजळे. एका पावसाळ्यात रक्कम निम्मी आली. अक्षरही परके होते. मी तरी तेच वाचले. वडील तेव्हा महिनाभर अंथरुणाला खिळले होते. कळते तर आई गेली असती. ते गावी परतले, ते थोड्या दिवसांचे सोबती म्हणून.

माझी चूक कल्पना करण्यात नव्हती. नुसत्या रकमेवर कोणाचे मन भरते? कुपनामागचा माणूस आईलाही मनातच उभा करावा लागे. पण लिहिलेले आणि रचलेले मी एकाच आवाजात वाचले. शिवाय एकदा सुखाचे चित्र जमल्यावर बदललेल्या आकड्याकडे पाहायचेच सोडून दिले.

उद्या एखादी दुर्बीण सन्तमसाचे आभाळ निरभ्र असल्याचे सांगेलही. तेव्हा चित्र बदलता आले पाहिजे.

नातीला म्हटले, "खोटं नाही गं. फक्त आकडे शाईनं लिही आणि ढग पेन्सिलीनं काढ."

"म्हणजे खोडरबरही लागणार!" ती म्हणाली, आणि शोधायला पळाली.