न घडलेल्याची नोंद

तीन सेकंद काहीही घडू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक मागे उभा असतो. त्याच्यासमोर पाच धिप्पाड माणसं ओळीने वाकलेली असतात. मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. समोरचे त्यांच्या अंगावरून, बगलेखालून, दोघांमधल्या फटीतून क्वार्टरबॅककडे झेपावतात. या पाच जणांनी त्यांना थोपवायचं. चेंडू सुटला की काम संपलं. जेमतेम श्वास घेऊन होतो, तोवर पुन्हा तेच. एका सामन्यात साठ-सत्तर वेळा.

पुढे फेकलेला चेंडू झेलायचा या पाच जणांना हक्क नाही. यांतल्या एखाद्या लाइनमनला झेलायचाच असेल, तर आधी पंचाला कळवून, जागा बदलून उभं राहावं लागतं. सेंटर तर प्रत्येक चालीत चेंडू हाताळतो. त्याने तो पायांमधून मागे दिल्याशिवाय खेळ सुरूच होत नाही. सुरुवात त्याच्या हातची, पुढचं सगळं दुसऱ्यांचं.

आणि ज्याला राखायचं, तो त्याला दिसत नाही. पाठ क्वार्टरबॅककडे, तोंड हल्लेखोराकडे. चेंडू झेलला गेला की जमिनीवर पडला, हे त्याला प्रेक्षकांच्या आवाजावरून कळतं. घरच्या मैदानावर जल्लोष म्हणजे यश. परक्या मैदानावर उलटं, तिथे यशाला आवाज नसतो.

राखणाऱ्याने मागे वळून पाहायचं नसतं. पाहावं लागलं, तर राखण आधीच मोडलेली असते.

*

क्रिकेटच्या धावफलकावर यष्टिरक्षकाने अडवलेले चेंडू दिसत नाहीत. सुटलेले मात्र 'बाय' म्हणून दिसतात. तरी त्याच्या नावावर झेल असतात, यष्टिचीत असतात. लाइनमनला तेवढाही आधार नाही. क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडलं की त्याला सॅक म्हणतात, आणि तो पाडणाऱ्याच्या खात्यावर जमा होतो. ज्याने पाडू दिलं नाही, त्याचं खातंच नाही.

हल्लेखोराला पकडून ठेवलं तर होल्डिंग, दहा यार्डांचा दंड. तेव्हा पंच मायक्रोफोनवरून त्याचा क्रमांक सांगतो. भरलेलं स्टेडियम तो क्रमांक ऐकतं, एरवी कधीच न ऐकलेला. उल्लेख होतो तो गुन्ह्यासकट.

या खेळाच्या व्यावसायिक लीगमध्ये सर्वांत मोलाच्या खेळाडूचा मान आजवर एकाही ऑफेन्सिव्ह लाइनमनला मिळालेला नाही. सुपर बोल या अंतिम सामन्याच्या सामनावीराचाही नाही. कँटनचं हॉल ऑफ फेम 1963 मध्ये उघडलं. फक्त हेच काम करणारा पहिला खेळाडू, बॉल्टिमोर कोल्ट्सचा जिम पार्कर, तिथे पोचायला 1973 उजाडलं.

यात कोणाचा कट नाही. डोळा हालचालीमागे धावतो, आणि याचं काम हालचाल थांबवण्याचं.

*

टॅकल मागे सरकत लढतो. एक पाय मागे, दुसरा त्याच्यामागून, पाठ सरळ, गुडघे वाकलेले, हात छातीजवळ तयार. समोरचा पुढे धावतो, हा उलट्या पावलांनी त्याच्याइतकाच वेगात राहतो. पूर्वी हात छातीशी दुमडून अडवावं लागे. 1978 मध्ये नियम बदलला, हात लांबवून उघड्या तळव्यांनी अडवायला मुभा मिळाली. तेव्हापासून ही लढाई खांद्यांइतकीच पंजांची झाली.

मागे जाणं म्हणजे हरणं नव्हे. किती मागे जायचं आणि कोणत्या कोनात, हे ज्याच्या हातात आहे, मैदान त्याचंच.

त्याचा एकच फायदा असतो: चेंडू कधी निघणार, हे त्याला माहीत असतं, समोरच्याला नसतं. परक्या मैदानावर गोंगाट इतका असतो, की क्वार्टरबॅकचा इशारा कडेच्या टॅकलपर्यंत पोचत नाही. मग डोळ्याच्या कोपऱ्यातून चेंडूकडे पाहत राहायचं आणि तो हलला की हलायचं. लोक ओरडून त्याचा अर्धा क्षण काढून घेतात. त्याची सगळी कमाई असल्या अर्ध्या क्षणांची.

*

टॅकल जो थॉमस विस्कॉन्सिनचा. 2007 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, तो पहिल्या काही जणांत निवडला जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. असे खेळाडू तेव्हा त्या दिवशी सूट घालून न्यूयॉर्कच्या मंचावर जात. तो वडिलांबरोबर मिशिगन सरोवरात मासे पकडायला गेला. क्लीव्हलँड ब्राउन्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं.

त्याच्या पहिल्या मोसमात संघाने 10 सामने जिंकले, 6 हरले, आणि तरीही प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, हुकली. त्याच्या काळातला तोच संघाचा सर्वांत चांगला मोसम ठरला. पुढे संघाने विजयाहून जास्त पराभव पाहिले नाहीत, असं एकही वर्ष गेलं नाही. सहा मुख्य प्रशिक्षक आले आणि गेले. क्वार्टरबॅक इतके बदलले, की पाठीमागे आज कोण आहे हे त्याने आवाजावरून ओळखावं. तो 167 सामने खेळला. त्यांतले 48 संघाने जिंकले, 119 हरले. प्लेऑफचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

पहिली दहा वर्षं दरवर्षी त्याची प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड झाली. आणि पहिल्या सामन्याच्या पहिल्या चालीपासून तो एकदाही बाहेर बसला नाही. 22 ऑक्टोबर 2017 ला टेनेसी टायटन्सविरुद्ध डाव्या दंडाचा स्नायू फाटला, तेव्हा सलग चालींचा आकडा 10,363 झाला होता. पुढच्या मार्चमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

10,363. हा आकडा गुणांचा नाही, यार्डांचा नाही, विजयांचा तर नाहीच. हजेरीचा आहे. कामाचं माप सापडलं नाही, म्हणून जगाने उपस्थिती मोजली.

*

हरणाऱ्या संघात उत्तम काम करणाऱ्याचं काय करायचं, हे कोणालाच नीट कळत नाही. जिंकले असते तर श्रेयाचा तुकडा त्याच्यापुढे टाकता आला असता. हरताना त्याला दोषही देता येत नाही. तो तक्त्यात बसत नाही.

आपल्याला अशा जागी चटकन निष्काम कर्म आठवतं. आवरावं. 2011 मध्ये त्याने सात वर्षांचा सुमारे 8 कोटी 40 लाख डॉलरचा करार केला. तो विरक्त नव्हता, पुरतं मोल घेऊन पुरतं काम देणारा कारागीर होता. फळाची आशा नसणं वेगळं, आणि फळ हाती लागलं नाही तरी हात न बिघडणं वेगळं. दुसरं जास्त अवघड असावं. आशा सोडलेल्याला रोज सकाळी ती पुन्हा धरावी लागत नाही.

*

हे मोल आलं कुठून?

18 नोव्हेंबर 1985. न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरने वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइझमन याला पाडलं, आणि पायाचं हाड मोडताना अख्ख्या देशाने टीव्हीवर पाहिलं. थाइझमन पुन्हा खेळला नाही. उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ फेकताना डावीकडे वळते, तिकडून येणारा त्याला दिसत नाही. त्या बाजूला जो उभा राहतो तो लेफ्ट टॅकल. लोकांना त्याची जागा त्या रात्री दिसली.

दिसणं एक, दाम मिळणं दुसरं. 1993 मध्ये करार संपलेल्या खेळाडूंना हव्या त्या संघाशी बोलणी करायची मोकळीक मिळाली आणि लेफ्ट टॅकलचे भाव चढले. ही मोकळीक ज्या संघटनेने मिळवली, तिचा प्रमुख होता जीन अपशॉ, ओकलंड रेडर्सचा जुना गार्ड. आयुष्यभर दुसऱ्यांना राखलेला माणूस खेळाडूंच्या वतीने वाटाघाटीला बसला होता. पुढे निवृत्त खेळाडूंनी त्याच्यावरच तक्रार केली: आत्ता खेळणाऱ्यांचं पाहतोस, आम्हाला विसरलास.

समोरच्याला थोपवताना पाठीमागचे दिसत नाहीत, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? पण माहीत असलं म्हणून माफ होत नाही.

*

वजन हे या माणसाचं अवजार. थॉमस खेळताना सुमारे 141 किलोचा होता. हे वजन आपोआप टिकत नाही, भूक नसताना खाऊन टिकवावं लागतं. खेळ सुटल्यावर काही महिन्यांत त्याने वीसेक किलो उतरवले. जुने फोटो शेजारी ठेवले तर दोन माणसं वाटतात. अकरा वर्षं तो ज्या शरीरात राहिला, ते कामावरचं होतं. काम संपल्यावर परत केलं.

सगळंच परत करता येत नाही. पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर माइक वेबस्टर थॉमसच्या अगदी उलट. चार सुपर बोल जिंकला, 17 मोसम खेळला, 1997 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. संघाने दिलं नाही असं काही राहिलं नव्हतं. निवृत्तीनंतर त्याचं डोकं त्याच्या ताब्यात राहिलं नाही. पैसे गेले, घर मोडलं, कधी कधी तो आपल्या गाडीतच झोपे. सप्टेंबर 2002 मध्ये पन्नासाव्या वर्षी गेला. पिट्सबर्गमध्ये डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला. 2005 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला निबंध हा या लीगच्या खेळाडूच्या मेंदूत सीटीई हा ऱ्हास सापडल्याचा पहिला दाखला.

वेबस्टरच्या वारसांचा खेळाडूंच्या निवृत्ती निधीशी खटला चालला. वाद साधा होता: तो 1991 मध्ये खेळ सोडतानाच काम करायला असमर्थ झाला होता, की नंतर? 2006 मध्ये अपिलातही निकाल वारसांच्या बाजूने लागला. तोवर तो जाऊन चार वर्षं झाली होती.

या वादाकडे नीट पाहावं. कोणत्या दिवशी काय घडलं, हे विचारलं जात होतं, आणि कोणत्याही एका दिवशी काही घडलेलंच नव्हतं. थाइझमनच्या हाडाला तारीख आहे. लाइनमनच्या डोक्याला नाही. चाल सुरू होते आणि दोन डोकी एकमेकांवर आपटतात, फार जोरात नाही, बाहेर काढावं लागेल इतकं नाही. उठून तो पुढच्या चालीला उभा राहतो. हेच हजारो वेळा.

त्याचं यश म्हणजे न घडलेली गोष्ट. त्याचं नुकसानही कोणाला घडताना दिसत नाही. कौतुकाच्या वेळी दाखवायला काही नसतं, भरपाईच्या वेळीही.

*

2017 साली दोन लाइनमन थांबले. थॉमसला दंडाने थांबवलं. बॉल्टिमोर रेव्हन्सचा गार्ड जॉन अर्शेल स्वतः थांबला, सव्विसाव्या वर्षी, तीन मोसमांनंतर. तो एमआयटीत गणितात पीएचडी करत होता. 2015 मध्ये सरावात डोक्याला मार बसल्यावर काही काळ आपल्याला वरच्या पातळीचं गणित जमेना, हे त्याने स्वतः सांगितलं आहे. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी या लीगच्या 111 मृत खेळाडूंचे मेंदू तपासले होते. 110 मध्ये सीटीई आढळला. हे मेंदू बहुतेक शंका असलेल्या घरांतून आले होते, म्हणून हा आकडा सगळ्या खेळाडूंना जसाच्या तसा लावता येत नाही. अर्शेलला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि दोन दिवसांनी त्याने निवृत्ती घेतली. पुढे एमआयटीतच तो गणित शिकवू लागला.

यात शूर कोण आणि भित्रा कोण, हा प्रश्न फोल आहे. एकाने न चुकता हजर राहून शब्द पाळला, दुसऱ्याने निघून जाऊन. दोघांनाही आपण काय मोजतो आहोत हे ठाऊक होतं. वेबस्टरच्या पिढीला मोजायला काही दिलंच गेलं नव्हतं.

*

थॉमस ऑगस्ट 2023 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला, पहिल्याच संधीत. आता प्रत्येक चालीचं चित्रीकरण पाहून लाइनमनला गुण देणाऱ्या संस्था आहेत. कोणी किती वेळा मार्ग सोडला, किती दाब येऊ दिला, हे सगळं मोजतात. जुनी तक्रार मिटली म्हणायची. फक्त मोजलं जातं ते क्वार्टरबॅकला काय झालं असतं ते. लाइनमनला काय झालं, हा रकाना अजून नीट भरलेला नाही. बाजाराला ज्याची गरज असते त्याचीच मोजदाद आधी होते.

मूक काम करणाऱ्यांची थोरवी गायला खर्च येत नाही, म्हणून ती पुष्कळ गायली जाते. मूकपणा हा गुण नव्हे, ती कामाची अट असते. अटीचं कौतुक करून मोबदला चुकवता येतो.

आजचा दिवस कसा गेला, असं कोणी विचारलं, की आपण म्हणतो: काही विशेष घडलं नाही. असं म्हणता येणं हे सुख आहे. पण ते कोणाच्या तरी अंगावर निभावलेलं असतं. कोणाच्या, हे विचारल्याशिवाय त्या सुखाचा हिशेब पुरा होत नाही.