कानावरची खाच

भटक्या नर कुत्र्याची नसबंदी झाली आहे का, हे आधी त्याच्या कानावर पाहावे. शस्त्रक्रियेच्या वेळी कुत्रा भुलीखाली असतानाच एका कानाचे टोक कापतात किंवा कडेला खाच पाडतात. ही खूण हात न लावता, लांबूनही दिसते. मात्र भांडणात फाटलेला कान घाईने पाहणाऱ्याला तसाच वाटू शकतो. शस्त्राने कापलेली कड बहुधा सरळ आणि स्वच्छ भरलेली असते, दातांनी फाटलेली वेडीवाकडी.

तरीही शंका उरली तर मागच्या बाजूने पाहावे. नसबंदीत नराचे दोन्ही वृषण काढतात आणि रिकामी पिशवी हळूहळू आक्रसते. नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असेल तर सुजेमुळे वृषण असल्याचा भास होतो. उलट काही नरांचे वृषण जन्मापासूनच पोटात किंवा जांघेत अडकलेले असतात. असा कुत्रा नसबंदी न होताच झाल्यासारखा दिसतो. तिथे पशुवैद्यकाने रक्तातले टेस्टोस्टेरॉन तपासणेच योग्य. तंगडी वर करून मुतणे किंवा दुसऱ्या कुत्र्यावर चढणे यावरून काहीही ठरवू नये. या सवयी नसबंदीनंतरही टिकू शकतात.

एवढी काळजी कशासाठी? प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस झाल्यावर कुत्र्याला सहसा पकडलेल्या जागीच सोडायचे असते. साहजिकच एका गल्लीत दोन्ही प्रकारचे कुत्रे वावरतात. पारख चुकली, तर नसबंदी झालेला जीव पुन्हा जाळ्यात सापडतो, पिंजऱ्यात उपाशी राहतो, भुलीचा धोका सोसतो, आणि यातले काहीच त्याच्या किंवा कुणाच्या उपयोगाचे नसते. मादीच्या बाबतीत तर कधीकधी पोट उघडल्यावरच चूक कळते. म्हणून खूण न करता कुत्रा सोडून देणे हा किरकोळ निष्काळजीपणा नव्हे. तो त्या मुक्या जनावरावर केलेला अन्याय आहे. उलट दिशेची चूकही महागात पडते, कारण सुटलेला एकच नर अनेक माद्यांना गाभण करू शकतो.

खाचेचा अर्थ मात्र तेवढाच घ्यावा. ती नसबंदी झाल्याचे सांगते. यंदाची रेबीजची लस दिली आहे की नाही, ते सांगत नाही. खाच असलेला कुत्रा चावला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो.