येहूचा रथ आणि आमचें वाहन



ज्याच्या हांकण्याची ख्याति पवित्र शास्त्रांत नमूद झाली असा पुरुष म्हणजे निमशीचा नातू येहू. दुसरे राजे, अध्याय ९ ह्यांत इज्रेलाच्या बुरुजावरील पहारेकऱ्यानें रथाची बेफाम धांव दुरून पाहिली आणि हा येहूच असावा, असें ताडिलें. आवेश त्याचे ठायीं उणा नव्हता. त्यानें बआलाचें मंदिर जमीनदोस्त केलें. परंतु पुढील अध्याय वाचला म्हणजे मन खिन्न होतें. बेथेल व दान येथील सोन्याचीं वासरें त्यानें तशींच राहूं दिलीं. त्यानें २८ वर्षें राज्य केलें, पण देवाचे नियमशास्त्र सर्व मनानें पाळण्याची खबरदारी घेतली नाहीं. वेग होता, पूर्ण आज्ञापालन नव्हतें.

आमचाच दोष सांगतों. खेड्यांतील मंडळ्यांस भेटण्यास आम्ही मोटारसायकलीवर जात असतों. मोटार वाहन कायदा, १९८८ ह्याचें कलम १२९ हेल्मेट घालावयास सांगतें, हें आम्हांस ठाऊक होतें. तरी उकाड्यामुळें तें आरशाला अडकवावें आणि पोलिसांचा नाका जवळ आला म्हणजे डोक्यावर चढवावें, असा आमचा परिपाठ पडला होता. एके रविवारीं आज्ञापालनावर उपदेश करून आम्ही निघालों, तों उपदेशकाच्या लहान मुलानें विचारिलें, "पाळकसाहेब, पोलीस नसला म्हणजे पडल्यावर डोकें फुटत नाहीं का?" आम्ही निरुत्तर झालों. देखल्या देवा दंडवत म्हणतात तें हेंच. आणि इफिसकरांस पत्र, अध्याय ६ ह्यांत पौल अशाच तोंडदेखल्या चाकरीचा निषेध करितो.

दुसरा प्रसंग माळशेज घाटांतला. आमच्या गाडीच्या चालकानें डिझेल वांचावें म्हणून उतारावर गियर काढून गाडी न्यूट्रलमध्यें सोडिली. गाडी हलकी धांवूं लागली व सर्वांस बरें वाटलें. परंतु गियर सुटला म्हणजे इंजिनाचा आवर जातो. सारा भार ब्रेकांवर पडतो, ते तापतात आणि शेवटीं धरेनासे होतात. थोड्याच वेळांत जळका वास सुटला. चालकानें कशीबशी गाडी कडेला थांबविली. स्टिअरिंग त्याच्या हातीं होतें, पाय ब्रेकवर होता; पण चाकांचा इंजिनाशीं असलेला सांधा सुटला होता.

आमचा धर्मही असाच नाहीं ना? रविवारीं उपासना चुकत नाहीं, हातीं शास्त्र आहे, ओठांवर गीत आहे. पण अंतःकरणाचा ख्रिस्ताशीं सांधा नसेल, तर सपाटीवर चालणारा हा धर्म परीक्षेच्या उतारावर टिकेल काय? आम्ही मूर्ति सोडिल्या. परंतु मुलीचें लग्न जुळवितांना पूर्वीची जात पाहतों. देवाला दशमांश देतों आणि भावाचा बांध कोरतों. मंडळींत प्रार्थना करितों आणि विधवेची मजुरी अडकवून ठेवितों. हींच आमचीं बेथेल व दान येथील वासरें होत.

आज्ञापालनानें तारण विकत मिळत नाहीं. तें प्रभूच्या कृपेचें दान आहे. परंतु ज्यानें आम्हांसाठीं सर्वस्व दिलें, त्याला अर्धें मन कसें द्यावें? म्हणून प्रभुभोजनाचा पुढील दिवस येण्यापूर्वीं प्रत्येकानें आपलें वासरूं ओळखावें. बांध मोडला असेल तर तो भरून द्यावा. मजुरी राहिली असेल तर स्वतः नेऊन पोंचवावी. आणि उपदेशकबंधूंनो, आपण प्रथम. लेकरें आपलें प्रवचन ऐकतात, पण आपली चाल अधिक पाहतात.

प्रभु आम्हां सर्वांस अखंड मन देवो. आमेन.