कडेला आलेला हात

शनिवारी काष्टीत कोंबड्याच्या आधी पिकअप आरवतात. पहाटे चारपासून दौंडकडून, श्रीगोंद्याकडून, शिरूरकडून गाड्या यायला लागतात. हौद्यात दाटीने उभ्या गायी, त्यांच्या पायांखाली पाचट, आणि फळीला पाठ लावून बसल्याबसल्या डुलक्या घेणारा मालक. उजाडेपर्यंत जनावरांच्या बाजारात दावणी लागलेल्या असतात. आमच्या घराचा या बाजाराशी एक जुना संबंध आहे. बाजाराला आलेला पाहुणा परतताना आमच्याकडे चहाला टेकतो. मनासारखी गाय मिळाली तर थोडा वेळ टेकतो, नाही मिळाली तर बराच वेळ.

गेल्या दोनेक वर्षांत या चहाला एक खोड लागली आहे. येणारा येताना घरातले जुने फोटो घेऊन येतो. ठरवून कुणी काही केलं नाही. आजीच्या माहेरचे, म्हणजे वडिलांचे एक मामेभाऊ असेच बाजाराला आले होते. खिशातून त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यात लाइट बिल, सातबाऱ्याचा उतारा आणि दोन्हींच्या मधे एक काळापांढरा फोटो. म्हणाले, "तुमच्या बैलांचा फोटो आमच्या ट्रंकेत पडलाय, म्हटलं ज्याचा त्याला द्यावा."

पोस्टकार्डाएवढा फोटो. चारी कडांना पांढरी किनार, एक कोपरा उंदराने खाल्लेला. मागे निळ्या शाईत गावाचं नाव आणि 'जि. अ.नगर'. मधोमध आजोबा उभे, हातात कासरा, छाती जरा जास्तच पुढे. दोन्ही बाजूंना खिलार बैल. शिंगं इतकी सरळ की फोटोच्या वरच्या कडेला टेकायला आलेली. मागे कुडाची भिंत आणि तिला लावून ठेवलेली पोती. चुलत्यांच्या लग्नात दौंडहून फोटोग्राफर आला होता म्हणे, गाडीने. दौंड-मनमाड रेल्वे १८७८पासून आमच्या गावावरून जाते, त्यामुळे दौंडचं काहीही काष्टीला परकं वाटत नाही. लग्नाचे फोटो झाल्यावर आजोबांनी त्याला अडवलं आणि नुकत्याच आणलेल्या जोडीचा एक फोटो काढायला लावला. नवरदेवाचे किती काढले कुणास ठाऊक, त्यातला एकही आज सापडत नाही. बैलांचा तेवढा राहिला.

तारीख कुठेच नव्हती. मी आपला फोटोचा कागद, किनार, शाई असं बघत बसलो. वडिलांनी आणि त्यांच्या मामेभावांनी ते काम बैलांच्या दातांवरून पाच मिनिटांत केलं. गाईबैलाला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, आठ. वर नुसती हिरडी. दुधाचे दात पडून कायमचे येतात ते जोडीजोडीने, अडीच वर्षांच्या आसपास पहिली जोडी, मग प्रत्येक जोडीला साधारण सहा-आठ महिने. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि आठही आले की जुळला. "आणली तव्हा चार दाती व्हती," वडील म्हणाले. "बहात्तरच्या दिवाळीला इकली, तव्हा जुळून वरीस झालतं." म्हणजे आणताना तीन वर्षांची, विकताना साडेपाचची. बहात्तरच्या दिवाळीतून अडीच वर्षं वजा केली की १९७०चा उन्हाळा येतो. लग्नसराई. बरोबर बसलं. फोटोला तारीख मिळाली ती बैलाच्या तोंडातून.

जुने फोटो आठवणींना उजाळा देतात असं म्हणतात. मला वाटतं फोटोला स्वतःला काही आठवत नसतं. त्याच्याभोवती भांडणारी चार माणसं लागतात. या जोडीच्या नावांवरून आमच्याकडे दोन शनिवार वाद चालला. पाहुणे म्हणाले, सर्जा-राजा. आठवणीतल्या सगळ्याच बैलजोड्या हळूहळू सर्जा-राजा होतात, तसं ते होतं. वडिलांनी भिंग घेतलं. डावीकडच्या बैलाच्या कपाळावर फिकट ठिपका दिसत होता. खिलाराच्या पांढऱ्या अंगावरचा पांढरा ठिपका, सांगितल्याशिवाय दिसला नसता. "ह्यो चांद्या," ते म्हणाले. दुसऱ्याचं नाव अजून सापडलेलं नाही. आता विकायला येणाऱ्या जनावराच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर बारा आकडे. त्याचं नाव पन्नास वर्षांनी कुणी विचारणार नाही, हेही सोयीचंच.

मग बाकीचे फोटो येत गेले. रंगीत फोटो जास्त टिकतील असं सगळ्यांना वाटायचं, पण १९८०च्या आसपासचे रंगीत फोटो लालसर होऊन गेलेत. त्यातला निळा-हिरवा रंग आधी उडतो आणि माणसं तांबड्या मातीची केल्यासारखी दिसायला लागतात. त्यामानाने काळेपांढरे ठणठणीत. चिकट पानांच्या अल्बमात लावलेल्यांची सगळ्यात वाईट गत, ओढायला गेलं की चेहरा पानाला चिकटून राहतो. काचेला चिकटलेला फोटो तर काढूच नये. काचेसकट उजेडात तिरका धरून वरूनच मोबाइलमध्ये घ्यावा, हे आम्ही एका आजोबांचं अर्धं नाक गमावून शिकलो.

एक फोटो बाजाराचा आला. दोन माणसं समोरासमोर उभी, दोघांचे उजवे हात एका उपरण्याखाली. सौदा चाललाय. हेडी आणि शेतकरी कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव करतात, आजूबाजूच्याला आकडा कळू नये म्हणून. म्हणजे बाजारातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट नेमकी झाकलेली, आणि फोटोग्राफरने तीच टिपलेली. मला तो फोटो फार आवडतो. त्या माणसांना कुणी ओळखलं नाही, पण एकाच्या चेहऱ्याकडे बघून वडील म्हणाले, "ह्यो फसतुय."

फोटोंच्या या ढिगात बहात्तर सालचं काही नाही. नंतरचं त्र्याहत्तरही नाही. त्या दिवसांत जोड्या कवडीमोलाने गेल्या, माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, सुकडी खात होती. कुणी कशाला पैसे देऊन स्वतःचा तसा फोटो काढून घेईल? घरातला अल्बम म्हणजे बऱ्या वर्षांची वही. नवीन बैल, नवीन ट्रॅक्टर, नवीन सून. जी वर्षं कोरी दिसतात तिथे माणूस काय करत होता ते विचारावं लागतं, आणि विचारलं की आधी विषय बदलतो. २०२२मध्ये लम्पीमुळे बाजार बंद होता, त्याआधी करोनात बंद होता. तेव्हा प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा होता. रिकाम्या बाजाराचा फोटो मी मागून पाहिला, कुणाकडे निघाला नाही.

बायांचंही असंच. लग्नात असतात, बारशात असतात, एरवी नसतात. उलट एडिंबराजवळच्या न्यूहेवन नावाच्या कोळीवाड्यात हिल आणि ॲडमसन या दोघांनी १८४०च्या दशकात कॅमेरा नेला होता, म्हणजे फोटोची कला जेमतेम रांगत होती तेव्हा. हिल चित्रकार. ॲडमसन तरुण, तो पुढे सव्विसाव्या वर्षी गेलाच. या दोघांनी मासळीच्या टोपल्या घेतलेल्या कोळिणींना मधोमध उभं केलं. पट्ट्यापट्ट्यांचे घागरे, कमरेवर हात, आणि नजर अशी की भाव कमी करा म्हणायची सोय नाही. काहींची नावंही नोंदलेली आहेत. त्या काळी फोटो निघेपर्यंत कितीतरी वेळ हलायचं नसे. दिवसभर पायाला भिंगरी असलेल्या त्या बायकांना स्वस्थ उभं राहायला सांगितलं कुणी आणि त्या राहिल्या कशा, याचं मला नवल वाटतं.

आमच्या आजीला तसं कुणी म्हटलं नाही. तिचा फोटोच नाही. मी जन्मायच्या आधी ती गेली. तिचा चेहरा विचारला की वडील माझ्या धाकट्या बहिणीकडे बोट दाखवतात, एवढंच.

तर बैलांचा तो फोटो आम्ही मोठा करायला दिला. दुकानातल्या पोराने झकास काम केलं. उंदराने खाल्लेला कोपरा भरला, डाग काढले, आजोबांचा सदरा पांढराशुभ्र केला. पैसे घेताना म्हणाला, "डाव्या साइडनं कुणाचातरी हात घुसला होता, तो पण कट केला." मी त्याला शाबासकी दिली. लाकडी चौकट करून फोटो बैठकीत लावला. चार महिने येणारा-जाणारा म्हणत होता, फोटो कसा मोकळा आलाय.

शेजारच्या आत्या आल्या त्या पौषातल्या एका शनिवारी. गावातल्याच, लेक म्हणून वाढल्या, नवरा गेल्यावर माहेरी परतल्या. भिंतीवरच्या फोटोकडे त्यांनी दोनदा बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यात काय तरी न्हाय." मी ट्रंकेतला मूळ फोटो आणून दिला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरला, मग अगदी जवळ.

डाव्या कडेतून एक हात आत आलेला आहे. कोपरापर्यंतच. बांगड्या, त्यांच्या मागे जाड पाटली, हातात तांब्या. तांब्यातून बैलाच्या खुरावर पाणी पडतंय. नवीन जोडी दारात आली की पायांवर पाणी घालतात, कपाळाला कुंकू लावतात, भाकरतुकडा ओवाळून टाकतात, मग बैल घरचे होतात. पाण्याची धार फोटोत धुरासारखी फराटलेली आहे, कारण ती हलत होती. हात मात्र स्वच्छ आलाय.

"ही तुझी आजी," आत्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"आंगठा बघ. डावा हात हाय. डावखुरी व्हती ती. डाव्या हातानं पाणी घालती म्हणून सासू लई बोलली व्हती त्या दिशी. पाव्हण्यांसमोर."

वडील काही बोलले नाहीत. मामेभाऊ म्हणाले, निगेटिव्ह उलटी लागली असेल, तसं व्हायचं कधीकधी. म्हणून आम्ही मागच्या पोत्यांवरची अक्षरं भिंगातून बघितली. सुलट होती. हात डावाच.

पन्नासहून जास्त वर्षं तिच्या माहेरच्या ट्रंकेत हा फोटो जावयाच्या बैलांचा म्हणून पडून होता. माहेरच्यांनी तो उचलला असेल, झटकला असेल, पुन्हा ठेवला असेल. आम्ही तर दोनशे रुपये मोजून तो हात काढूनच टाकला. दुकानात पुन्हा गेलो. कापायच्या आधीची फाइल त्याने ठेवली नव्हती, पण मूळ फोटो होता म्हणून दुसरी प्रत झाली. पोराला हात ठेव म्हटल्यावर तो म्हणाला, "मग फोटो एका बाजूला जड दिसंल." दिसू दे म्हटलं. आता बैठकीत दोन्ही लागले आहेत, मोकळा आणि जड. वडील जडाच्या समोर बसतात.

गेल्या शनिवारी आत्या पुन्हा आल्या. बाजार उठत आला होता, रस्त्यावर गाड्यांची रांग होती. मूळ फोटो त्यांनी मागून घेतला. "हळदी-कुंकवाचं ताट माझ्याकडं व्हतं," म्हणाल्या. "धा-अकरा वर्साची आसंल. तिच्या पाठीच व्हते."

"फोटोत नाही दिसत तुम्ही," मी म्हणालो.

"न्हाय. पर व्हते." त्यांनी फोटो टेबलावर सपाट ठेवला, आजीच्या हातावरून बोट हळूहळू डावीकडे नेलं. पांढरी किनार ओलांडली, टेबलाच्या लाकडावर वीतभर पुढे नेऊन टेकवलं.

"हिथं," आत्या म्हणाल्या.

तिथे चहाच्या कपाचं ओलं वर्तुळ उमटलं होतं. आम्ही सगळे त्याकडे वाकून बघत होतो.