सेवेकऱ्याचा शब्द

श्रावणी सोमवारी मंचर, घोडेगाव, डिंभे या मार्गाने श्रीक्षेत्र भीमाशंकरी येणारा भाविक धुके व पाऊस अंगावर घेत पायऱ्या उतरतो. वाटेत त्याला वाहनतळावर शिटी वाजविणारा, डोली वाहणारे, पादत्राणे सांभाळणारा, पायऱ्यांवरील चिखल लोटणारा, पावती फाडणारा व रांग सरकविणारा अशी माणसे भेटतात. विश्वस्त सहसा भेटत नाहीत. घरी परतल्यावर तो "दर्शन छान झाले" म्हणेल किंवा "फार ढकलाढकल" म्हणेल. क्षेत्राचा लौकिक गावोगाव पोहोचतो तो याच शब्दांनी.

मंदिराच्या शिखराशी नाना फडणवीसांचे नाव जोडलेले आहे. प्रांगणातील मोठी घंटा चिमाजी आप्पांच्या १७३९ मधील वसई विजयाची खूण आहे. भाविक हे कौतुकाने वाचतो. परंतु चार तास तिष्ठलेल्या वृद्धेला खांद्याला धरून कोणी पुढे लोटले, तर तिच्या स्मरणात घंटा राहत नाही, तो हात राहतो.

मग दोष त्या हाताचा म्हणावा काय? तो पहाटेपासून भिजत उभा आहे, जेवणाची वेळ टळली आहे आणि रांग हलती ठेवण्याचा हुकूम आहे. अशा वेळी तोंड त्याचे असले तरी शब्द पुष्कळदा वरचा असतो. "नम्रतेने वागावे" अशी पाटी लावून तो बदलत नाही. तथापि सारा दोष व्यवस्थेवर टाकला, तर त्या माणसाला आपण यंत्र समजलो असे होईल. त्याच पावसात, तेवढ्याच वेतनावर, शेजारचा सेवक "आजी, सावकाश, पायरी ओली आहे" असे म्हणतोच.

शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानचे उदाहरण येथे विचारात घेण्यासारखे आहे. १९०८ साली स्थापन झालेल्या या संस्थानात गावोगावचे सेवेकरी आळीपाळीने येतात आणि समोरच्या प्रत्येकाला "माऊली" म्हणतात. हा शब्द शिस्तीने शिकविलेला, मग तो खरा कसा, अशी शंका काहींना येते. नामस्मरणही प्रथम जिभेनेच होते. मन मागाहून येते, हे भाविकांस सांगावयास नको. शिवाय तेथील सेवेकऱ्यांनी वरचे वर्तनही पाहिले होते. दीर्घकाळ कारभार सांभाळणारे शिवशंकरभाऊ पाटील (निधन २०२१) संस्थानचे पाणीसुद्धा घेत नसत, असे सांगतात.

देणगीदारांचा हात सभामंडपासाठी, फरशीसाठी, चांदीच्या कामासाठी सढळ असतो. तेथे नाव कोरता येते, आणि ती इच्छा गैर नाही. रांगेवरील सेवकांना पावसाळी कोट, टेकण्यापुरती कोरडी जागा आणि वेळेवर गरम जेवण मिळावे, यासाठी देणगी आल्याचे मात्र क्वचितच ऐकू येते.